ब्रँच निवडताना हवाई बघू नका, नकार बघा

सध्या अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये एक विषय परत परत निघतोय. मेडिकल स्कूलचा खर्च मिलिटरीकडून घ्यावा का, आणि घ्यायचाच तर आर्मी, नेव्ही की एअर फोर्स? विषय आत्ताच का निघाला ते उघड आहे. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केलं आणि मेडिकलसारख्या कोर्सला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलर अशी बांधून टाकली. खाजगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा राहण्याखाण्यासकट खर्च ३ लाखांच्या सहज पुढे जातो. मग मधली रक्कम आणायची कुठून, तर बँकेचं महागडं कर्ज, नाहीतर आईवडिलांनी रिटायरमेंटच्या पैशाला हात लावायचा, नाहीतर एचपीएसपी, म्हणजे सैन्याची मेडिकल स्कॉलरशिप. इथपर्यंत ठीक आहे, पण पुढची चर्चा ज्या पद्धतीने चाललीय ती ऐकून डोकं फिरतं.

एक गट म्हणतो फुकट आहे, डोळे मिटून घ्या. दुसरा म्हणतो पोटच्या पोराला लढाईवर पाठवताय का. आणि ज्यांचं घ्यायचं ठरलंय ते तीन ब्रँचची तुलना अशी करतात की लग्नाचा हॉल बघायला निघालेत, म्हणजे आर्मीचं ट्रिप्लर हॉस्पिटल हवाई बेटांवर होनोलुलूला आहे, नेव्हीचं सॅन डिएगोला, एअर फोर्सच्या बेसवर घरं चांगली मिळतात, नेव्हीचा पांढरा युनिफॉर्म फोटोत भारी दिसतो वगैरे. माझं म्हणणं असं की ब्रँच निवडायची ती तिथल्या सगळ्यात चांगल्या पोस्टिंगवरून नाही. तुम्हाला हवी ती रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावरचं स्पेशालिस्टचं ट्रेनिंग) नाकारली, तर ती ब्रँच तुमच्याकडून पुढची दोन ते चार वर्षं कोणतं काम करून घेणार, यावरून निवडायची. ते काम मनापासून करता येईल असं वाटत नसेल तर तिन्हीपैकी एकही नको, सरळ कर्ज काढा. आणि ही निवड बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला कॉलेज सुरू व्हायच्या आधीच करायला लावणं हीच मुळात चुकीची रचना आहे, ज्यावर कोणी चकार शब्द काढत नाही.

आधी व्यवहार समजून घेऊ, कारण निम्मी भांडणं तो न वाचताच होतात. सैन्य ट्यूशन भरतं, फी भरतं, पुस्तकांचा खर्च देतं, वर महिन्याला पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास स्टायपेंड आणि चार वर्षांची स्कॉलरशिप घेणाऱ्याला २० हजारांपर्यंत सायनिंग बोनस. सुरुवातीलाच कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळतं, सेकंड लेफ्टनंट किंवा नेव्हीत एनसाइन, डॉक्टर झालात की कॅप्टन किंवा नेव्हीतला लेफ्टनंट. शिकत असताना वर्षाला ४५ दिवस ड्युटी. बदल्यात चार वर्षांचे पैसे घेतले तर चार वर्षं अॅक्टिव्ह ड्युटी, पण त्या चार वर्षांत इंटर्नशिप धरत नाहीत आणि मिलिटरी रेसिडेन्सीही धरत नाहीत. एकूण बांधिलकी आठ वर्षांची, ड्युटी करून उरलेली वर्षं रिझर्व्हच्या यादीत नाव. आता मुख्य गोष्ट. चौथ्या वर्षी मिलिटरी मॅचला, म्हणजे सैन्याच्या रेसिडेन्सीच्या जागावाटपाला, अर्ज करावाच लागतो, त्याचा निकाल डिसेंबरच्या मध्यात येतो, सिव्हिलियन मॅचच्या तीन महिने आधी, आणि त्यात बोर्ड साधारण तीनपैकी एक गोष्ट सांगतं. मिलिटरी हॉस्पिटलात पूर्ण रेसिडेन्सी करा, किंवा बाहेर सिव्हिलियन रेसिडेन्सी करून मग आमच्याकडे या, किंवा आत्ता फक्त एक वर्षाची इंटर्नशिप करा, लायसन्स घ्या आणि युनिटवर रुजू व्हा. हा तिसरा माणूस म्हणजे जनरल मेडिकल ऑफिसर, सगळे जीएमओ म्हणतात. कोणत्या स्पेशालिटीच्या किती जागा हे दरवर्षी सैन्याची गरज ठरवते, तुमचे मार्क नाही. म्हणजे उत्तम मार्क असूनही नकार येऊ शकतो. घरच्या चर्चेत हा तिसरा पर्याय मी क्वचितच ऐकलाय.

फुकटवाल्या गटाने जरा इतिहास बघावा. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेने डॉक्टरांसाठी वेगळा सक्तीच्या भरतीचा कायदा केला. पुढे १९५४ पासून डॉ. फ्रँक बेरींच्या नावाने ओळखली जाणारी योजना आली, त्यात तरुण डॉक्टरला आपली सर्व्हिसची पसंती कळवता यायची आणि आत्ता जायचं की रेसिडेन्सी संपवून जायचं हेही मागता यायचं. व्हिएतनामच्या काळात हुशार मुलांनी काय केलं? त्यांनी बेस कुठल्या समुद्रकिनाऱ्यावर आहे ते बघितलं नाही, तिथे गेल्यावर दिवसभर काय काम करायला मिळेल ते बघितलं. पब्लिक हेल्थ सर्व्हिसमधली दोन वर्षंही सैन्यसेवेच्या जागी धरली जायची, म्हणून कितीतरी जण बेथेस्डाला एनआयएच या सरकारी संस्थेत संशोधनासाठी घुसले, आणि त्यातूनच ब्राउन, गोल्डस्टाइन, व्हार्मस, लेफकोविट्झ असे पुढचे नोबेलवाले निघाले. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली. आता डॉक्टर कुठून आणायचे? त्याची सोय आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये करून ठेवली होती, त्याच एका कायद्यातून एचपीएसपी आलं आणि सैन्याचं स्वतःचं मेडिकल स्कूलही आलं. म्हणजे ही स्कॉलरशिप कोणाच्या दानतीतून आलेली नाही, भरती बंद झाल्यावर रिकाम्या राहणाऱ्या जागा भरायला आलीय. यात वाईट काही नाही, पण पैसे देणाऱ्याला कुठली जागा भरायचीय हे घेणाऱ्याला माहीत हवं की नको?

पैशाचा मुद्दा मी उडवून लावत नाहीये. उलट विरुद्ध बाजूचा सगळ्यात जड मुद्दा तोच आहे, आणि कर्जाच्या नव्या मर्यादेने तो आणखी जड केलाय. ज्याला फॅमिली मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्स करायचंय त्याच्यासाठी सैन्यातला पगार आणि बाहेरचा पगार यात फार दरी नाही, शिवाय मिलिटरी रेसिडेंटला सिव्हिलियन रेसिडेंटपेक्षा बरा पगार मिळतो आणि डोक्यावर व्याज चढत नाही. अशा मुलासाठी हा सौदा खरंच चांगला आहे, त्यात खोट काढण्यात अर्थ नाही. पण ऑर्थोपेडिक्स किंवा रेडिओलॉजीवाल्याने हिशेब मांडला तर बाहेर जे कमावलं असतं आणि आत जे मिळालं त्यातला चार वर्षांचा फरक अख्ख्या ट्यूशनपेक्षा जास्त भरतो. आणि ज्यांना सरकारी कर्ज पुरतंय, म्हणजे राज्याच्या स्वस्त कॉलेजात प्रवेश मिळालाय, त्यांच्यासाठी सरकारी किंवा ना-नफा हॉस्पिटलात १२० हप्ते भरून उरलेलं कर्ज माफ होण्याची योजना अजून चालू आहे, त्यात रेसिडेन्सीची वर्षंही धरतात. तेव्हा दुसरा मार्गच नाही असं म्हणणाऱ्याने आधी आपल्या पोराच्या हातात कुठल्या कॉलेजचं पत्र आहे ते बघावं.

आता ब्रँचकडे येऊ. नेव्हीचा नकार सगळ्यात स्पष्ट असतो, कारण मरीन कोअरकडे (समुद्रमार्गे उतरून लढणारं दल) स्वतःचे डॉक्टर नाहीतच, ते नेव्ही पुरवते. म्हणून इंटर्नशिपनंतर जीएमओ म्हणून जाण्याची परंपरा नेव्हीत सगळ्यात घट्ट रुजलेली आहे. कॅम्प पेंडलटन, कॅम्प लेजून नाहीतर ओकिनावाला मरीनच्या बटालियनबरोबर, किंवा जहाजावर, किंवा पेन्साकोलाला ट्रेनिंग घेऊन फ्लाइट सर्जन (सर्जरीशी काही संबंध नाही, पायलट लोकांचा डॉक्टर), किंवा ग्रॉटनला शिकून पाणबुड्या आणि डायव्हर्सचा डॉक्टर. आर्मीचा नकार उशिरा येतो, त्यामुळे तो लोकांना दिसत नाही. आर्मीकडे हॉस्पिटलं जास्त, रेसिडेन्सीच्या जागा जास्त, म्हणून थेट ट्रेनिंग मिळण्याची शक्यता बरी, आणि सगळे म्हणतात आर्मी सेफ. पण रेसिडेन्सी झाल्यावर लहान मुलांच्या डॉक्टरलाही बटालियन किंवा ब्रिगेड सर्जन म्हणून पाठवतात, जिथे सकाळी सिक कॉल (आजारी सैनिकांची तपासणी), मग मीटिंगा, आणि किती सैनिकांचे दात तपासले, किती जणांची लस राहिली याच्या स्लाइड बनवायच्या. तीन वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात राबलेल्या माणसाने! एअर फोर्सकडे स्वतःचे प्रोग्राम तुलनेने कमी, काही सिव्हिलियन विद्यापीठांबरोबर जोडलेले, त्यामुळे बाहेर जाऊन रेसिडेन्सी करायची परवानगी मिळण्याचं प्रमाण तिथे परंपरेने जास्त, आणि ज्यांना काहीच मिळालं नाही ते इंटर्नशिप करून फ्लाइट सर्जन. म्हणजे बघा, तिन्हीकडे नकार आहेच, फक्त त्याची वेळ आणि काम वेगळं. ज्या मुलाला विमानांचं वेड आहे त्याला एअर फोर्सचा नकार बक्षीस वाटेल. ज्याला बोट लागते आणि कोंबल्यासारखं बंद जागेत राहणं सोसत नाही त्याने सॅन डिएगोचा सूर्यास्त बघून नेव्ही घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

यावर जीएमओ करून आलेले लोक चिडून म्हणतात की तुम्ही आमच्या कामाला शिक्षा म्हणताय. तसं नाही. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे की सत्तावीस-अठ्ठावीसाव्या वर्षी शेकडो मरीन्सचा एकटा डॉक्टर होणं, सोबतीला फक्त कोअरमन (नेव्हीचे वैद्यकीय मदतनीस), जवळ स्पेशालिस्ट नाही, यातून जो आत्मविश्वास येतो तो कुठल्याही नावाजलेल्या हॉस्पिटलात मिळत नाही. काही जण तर ठरवूनच चार वर्षं जीएमओ करतात, बांधिलकी तिथेच फेडतात आणि बाहेर पडून हव्या त्या सिव्हिलियन रेसिडेन्सीला अर्ज करतात. पण हा युक्तिवाद माझ्याच बाजूचा झाला ना? हे काम ज्याने हौसेने घेतलं त्याचं सोनं झालं. ज्याच्या डोक्यात न्यूरोसर्जरी होती आणि ज्याला नकारानंतर कळलं की जीएमओ नावाची भानगड असते, त्याची ती वर्षं गंज चढण्यात जातात, मग तिशी ओलांडून परत रात्रीच्या ड्युट्या आणि परत सगळं पहिल्यापासून. काम एकच, पण एकाने ते आधी बघून सही केली आणि दुसऱ्याने ट्रिप्लरचे फोटो बघून.

लढाईवाल्या गटाची भीती मात्र मला चुकीच्या जागी वाटते. डिप्लॉयमेंट (मोहिमेवर पाठवणी) होते, धोका असतो, आईचा जीव वरखाली होणारच, पण सैन्यातल्या डॉक्टरांची रोजची तक्रार गोळीबाराची नसते, पुरेसे आजारी पेशंट न मिळण्याची असते. तरुण, धडधाकट सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय, किचकट केसेस बाहेरच्या हॉस्पिटलांकडे वळवलेल्या, मग सर्जनचा हात चालणार कसा? संरक्षण खात्याचं लेव्हल वन ट्रॉमाचं, म्हणजे गंभीर जखमींसाठीचं सगळ्यात वरच्या दर्जाचं, हॉस्पिटल एकच, सॅन अँटोनियोचं ब्रुक. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द पेंटॅगॉनने लेखी आदेश काढला की बाहेर गेलेले पेशंट परत मिलिटरी हॉस्पिटलांत आणा. तेव्हा रिक्रूटरला डिप्लॉयमेंट किती महिन्यांचं हे विचारण्यापेक्षा तुमच्या सर्जनला महिन्याला किती ऑपरेशन मिळतात हे विचारा. त्याला उत्तर माहीत नसेल, तो काही खोटारडा नसतो, भरती करणं एवढंच त्याचं काम आहे, म्हणून त्याच्याकडे सध्याच्या दोन-तीन जीएमओंचे नंबर मागा आणि त्यांच्याशी बोला.

पोस्टिंग आपल्या हातात नसणं म्हणजे काय हे समजायला अमेरिकेत जायचीही गरज नाही. रोनाल्ड रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसचा, म्हणजे वर्दीतला डॉक्टर. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला, आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध हाताशी आला, आणि पुढच्याच महिन्यात बदलीची ऑर्डर. मुंबईमार्गे थेट राजपुतान्यातलं खेरवाडा, जिथे त्याच्या कामापुरता मलेरियाच नव्हता. बिचारा महिनोन् महिने चडफडत बसला, लंडनहून त्याच्या गुरूने, पॅट्रिक मॅन्सनने, वजन वापरलं तेव्हा कुठे १८९८ मध्ये कलकत्त्याला काम करायला मिळालं. रॉसला मॅन्सन होता. तुमच्या मुलीला कोण आहे?

आणि बदलीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे हुकूम. १९६६ मध्ये कॅप्टन हॉवर्ड लेव्ही नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने, जो बेरी योजनेतूनच आर्मीत आला होता, फोर्ट जॅक्सनला स्पेशल फोर्सेसच्या जवानांना वैद्यकीय ट्रेनिंग द्यायला नकार दिला, व्हिएतनाममध्ये त्याचा वापर कसा होतो हे डॉक्टर म्हणून आपल्याला पटत नाही म्हणाला. १९६७ मध्ये कोर्टमार्शल झालं, तीन वर्षांची शिक्षा झाली, १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्याच्या विरुद्धच निकाल दिला. लेव्ही बरोबर की चूक यावर तुमचं माझं वेगळं मत असू शकतं. पण वर्दी चढवली की ‘हे मला पटत नाही’ याची किंमत कोण मोजतं ते यातून कळतं, आणि ते तिन्ही ब्रँचमध्ये सारखंच आहे. इथे काही जण हमखास डॉ. कोटणीसांचं नाव काढतात, सोलापूरचा मुलगा १९३८ मध्ये चीनला गेला, सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथेच गेला, आपल्याकडे ही परंपरा आहे वगैरे. आहेच, आणि अभिमानाची आहे. पण कोटणीसांनी ट्यूशन फेडायला चीन गाठला नव्हता, बरोबरचे चौघे परत आले तरी हे स्वतःहून राहिले. ज्याची प्रेरणा तशी आहे त्याला माझ्या लेखाची गरज नाही. ज्याची प्रेरणा ३ लाख डॉलर आहे त्याने कोटणीसांच्या आड लपू नये.

आपल्या लोकांसाठी एक खास मुद्दा, जो मला कुठल्याच चर्चेत दिसला नाही. ही स्कॉलरशिप फक्त अमेरिकन नागरिकांना आहे, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतल्या मुलांचा प्रश्नच मिटला. पण जी मुलं नागरिक आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांकडे ओसीआय कार्ड (भारतात व्हिसाशिवाय येण्याजाण्याचं) असतं, आणि भारत सरकारचा नियम असा की परदेशी सैन्यात नोकरीला असलेला किंवा तिथून निवृत्त झालेला माणूस ओसीआयला पात्र नाही. म्हणजे कोल्हापूरला आजी आजारी पडली तर आधी कमांडरकडून परदेशी प्रवासाची मंजुरी, मग व्हिसा, मग तिकीट. कोणाला हे किरकोळ वाटेल, कोणाच्या घरात यावरूनच निर्णय फिरेल. पण सही करायच्या आधी हे बोलून घ्या की.

शेवटी रचनेबद्दल, कारण हा नुसता घरगुती प्रश्न नाही. कितीतरी मुलं मेडिकल स्कूलमध्ये गेल्यावर विषय बदलतात, सर्जरी म्हणत येतात आणि सायकिअॅट्री घेऊन जातात. त्यांना स्पेशालिटी कळायच्या चार वर्षं आधी ब्रँच विचारणं कशासाठी? पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे भारतीय सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, प्रवेश घेताना आर्मी, नेव्ही की एअर फोर्स हे ठरवायचं नसतं, ते कमिशनच्या वेळी ठरतं. एएफएमसीच्या बाँडवर टीका करण्यासारखं भरपूर आहे, पण हा एक भाग त्यांनी शहाणपणाचा केलाय. अमेरिकेत म्हणतात की तिन्ही सेनांच्या गरजा वेगळ्या, संस्कृती वेगळी, सगळ्यांना शेवटी निवडू दिलं तर मरीनबरोबर जायला कोणी तयार होणार नाही. गरजा वेगळ्या आहेत हे खरं. पण मिलिटरी हॉस्पिटलं आता तिन्ही सेनांची वेगवेगळी राहिलेली नाहीत, ती एकाच डिफेन्स हेल्थ एजन्सीच्या ताब्यात गेलीत. हॉस्पिटलं एकत्र चालवता येतात तर स्कॉलरशिपही एकत्र देता येईल, ब्रँच तिसऱ्या वर्षाच्या शेवटी विचारता येईल, आणि नेव्हीला जीएमओ हवेत तर जास्त बोनस देऊन मिळवता येतील. अडाणीपणाच्या भरवशावर जागा भरणं ही काही गरज नाही, सवय आहे.

ही सवय लगेच सुटेल असं मला वाटत नाही. तोवर, ज्यांना सैन्य हवंय पण आत्ताच सही करायची भीती वाटतेय त्यांच्यासाठी एफएपी नावाची दुसरी योजना आहेच. त्यात सिव्हिलियन रेसिडेन्सी मिळाल्यानंतर करार करता येतो, वर्षाला ठरावीक अनुदान आणि स्टायपेंड मिळतो आणि ट्रेनिंग संपल्यावर ड्युटी करायची. मेडिकल स्कूलचं कर्ज तोपर्यंत आपल्याच डोक्यावर राहतं हे खरं, पण सही करताना आपण कुठल्या स्पेशालिटीचे डॉक्टर होणार आहोत हे माहीत असतं.